दयारामचं कमिशन

पनवेल स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर दयाराम कोळ्याला सगळे ‘हरिश्चंद्र’ म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. अशा माणसाशी वागणं अवघड असतं. त्याच्या हातून कधी काही चुकलं तर चारचौघांना तेवढंच बरं वाटतं, पण दयारामनं सहा वर्षं कुणाला ते सुख मिळू दिलं नव्हतं.

भानगड होती कमिशनची. शनिवार-रविवार आला की मुंबई-पुण्याची माणसं सामान घेऊन पनवेलला उतरतात आणि सुकापूर, नेरे करत गाढी नदीच्या काठी फार्महाऊसवर राहायला जातात. रिक्षात बसल्या बसल्या त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘इथे चांगलं जेवण कुठे मिळतं?’ नदीच्या रस्त्याला हॉटेलं पुष्कळ. ज्या हॉटेलच्या दारात रिक्षा वळेल, तिथला मालक रिक्षावाल्याला गाडीमागे शंभर रुपये देतो आणि मागच्या बाकड्यावर एक थाळी फुकट. सगळे घेतात. त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही.

दयारामला वाटलं. सहा वर्षांपूर्वी एका रिक्षावाल्यानं थाळीपायी दोन म्हाताऱ्या माणसांना भलत्याच ठिकाणी नेलं, आणि परतताना ती दोघं पोट धरून स्टेशनवर बसलेली दयारामनं पाहिली. त्या दिवशी त्यानं अख्खा स्टँड डोक्यावर घेतला. “पाशिंजर म्हंजे पावना. पावन्याला ईकतात काय रं?” असं म्हणून भर उन्हात एकवीरा आईची शपथ घेतली, की माझ्या फायद्यासाठी मी पाशिंजर कुणाच्या दारात नेणार नाही. टाळ्या पडल्या नाहीत, पण शपथ मात्र पक्की झाली.

शपथ घेताना माणसानं जरा पुढचं बघावं. दोनच वर्षांनी त्याच्या बायकोनं, रंभानं, खानावळ काढली.

रंभानं वीस वर्षं पनवेलच्या बाजारात पाटी घेऊन मासळी विकली होती. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिनं नदीच्या वळणावरच्या आपल्या घराच्या पडवीत चार टेबलं मांडली आणि चूल पेटवली. दारावर बोर्ड नाही, रंगीत दिवे नाहीत. मसाला स्वतः कांडलेला, भाकरी तांदळाची, आणि मासळी त्याच दिवसाची. दयारामचा धाकटा भाऊ दादू अजून उरणजवळ मोऱ्याच्या बंदरात होडी चालवत होता. तो पहाटे माल काढून उरणच्या एसटीत कंडक्टरकडे पाटी द्यायचा, आणि दयाराम ती पनवेलच्या एसटी स्टँडवर उतरवून घ्यायचा. न्हावा शेव्याच्या ट्रेलरांनी रस्ता अडवला आणि गाडी दुपारी पोचली, तर रंभा गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, “आज मासली नाय. सुकट आन भात हाय, खाल तर वाढते.” निम्मी माणसं उठून जायची. तिला त्याचं काही नसे.

तिला वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. घराच्या अलीकडे दोनशे पावलांवर ‘गारवा रिव्हरसाईड’ नावाचं मोठं हॉटेल झालं होतं. रंभा दारात उभी असायची, वळणावरून नवऱ्याची रिक्षा येताना दिसायची, आत पाहुणे बसलेले दिसायचे, आणि रिक्षा गारव्याच्या गेटात वळायची. पाशिंजरच सांगायचे, तिथंच सोडा म्हणून. ‘दुसरं काही चांगलं आहे का?’ असं कुणी विचारलंच, तर दयाराम म्हणायचा, “हाटेलं लय हायत, तुमीच बगा.” कमिशन तो तिथलंही घेत नव्हता. रिकामी रिक्षा घेऊन घरी यायचा, मागच्या दारानं स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसायचा, आणि ताटात काटासुद्धा शिल्लक ठेवायचा नाही. कसं झालंय हे मात्र चार वर्षांत एकदाही त्याच्या तोंडून आलं नव्हतं. चाटूनपुसून साफ केलेलं ताट म्हणजेच आपली पावती, अशी त्याची समजूत होती.

गुरुवारी दुपारी गारव्याचा मॅनेजर स्वानंद घरी आला. माणूस बोलायला गोड. म्हणाला, “रंभाताई, आमच्या किचनमध्ये या. मदतीला माणसं देतो, गॅस आहे, बसायला उंच खुर्ची आहे. आम्ही ‘अस्सल कोळी थाळी’ सुरू करतोय. चव तुमची, नाव आमचं.” रविवारी उत्तर द्या म्हणाला.

तो गेल्यावर रंभानं दयारामला विचारलं, “काय सांगू त्यांना?”

दयारामच्या मनात आलं ते असं, की गारव्याची थाळी म्हणून लोक बोटं चाटतील आणि रंभाचं नावही कुणाला कळणार नाही. तोंडातून आलं ते असं, “तुला बरं वाटंल ते सांग.”

रंभानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. “बरं. मंग आयतवारी पाटी आनू नका. आयतवारी मी त्यांना हो सांगते,” ती म्हणाली आणि उठून भांडी घासायला गेली. त्या दिवशी भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

दादूला फोन करून ‘पाटी पाठवू नको’ एवढंच सांगायचं होतं. दयारामनं तीन दिवसांत तीनदा फोन हातात घेतला आणि तिन्ही वेळा खिशात परत ठेवला. विसरलो म्हणायचीही सोय नव्हती. आणि मग रविवारी सकाळी सातला, पाय आपसूक वळावेत तसा, तो एसटी स्टँडवर उभा होता. कंडक्टरनं पाटी खाली दिली. रोजच्यापेक्षा जड होती. फडकं वर करून पाहिलं तर बोंबलांच्या खाली, कोलंबीच्याही खाली, हातभर लांबीचा जिताडा. अख्ख्या रायगडात जिताडा म्हणजे जावयासाठी नाहीतर साहेबासाठी राखून ठेवायचा मासा. दादूला तो आजच लागावा, याला दैवाची चेष्टा म्हणायचं नाहीतर काय.

“घरी नेऊ तर बायको फाडून खाईल, आन टाकू तर एकवीरा आई कोपंल,” असं पुटपुटत दयारामनं पाटी मागच्या सीटच्या पाठीशी कोंबली आणि स्टेशनच्या स्टँडवर नंबर लावला.

साडेदहाला पुण्याहून आलेली तिघं बाहेर आली. पद्मजाबाई, पासष्टीच्या पुढच्या, ताठ मानेच्या, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. बरोबर मुलगा अवधूत आणि सून आभा. दोन दिवसांसाठी नेऱ्याच्या पुढचं फार्महाऊस घेतलं होतं, आणि सामान पाहता दोन महिने राहतील असं वाटत होतं. एका रिक्षात मावेना. मागच्या नंबरवर हितेश होता, स्टँडवरचा सगळ्यात तोंडाळ रिक्षावाला. मुलगा-सून त्याच्या रिक्षात गेले, आणि आई निम्म्या बॅगांसकट दयारामच्या.

“आई, आधी जेवायचं आहे,” अवधूत मोबाईलमध्ये बघत ओरडला. “गारवा रिव्हरसाईड. चार पूर्णांक तीन स्टार आहेत. टेबल सांगितलंय मी.”

हितेशचा चेहरा फुलला. शंभर रुपये आणि थाळी चालून आली होती. तो दयारामकडे बघून म्हणाला, “हरिश्चंद्र, तुझी थाली पन मीच खाऊ काय?”

दयारामनं रिक्षा काढली.

सुकापूर मागे पडलं तसं बाईंनी मान जरा मागे वळवली. “अहो, तुमच्या गाडीत मासे आहेत का?”

झालं, दयारामच्या मनात आलं, आता तक्रार. “हायत. घरचे हायत. वास येतो काय बाई?”

“येतोय. पण घाण नाही येत. खारा येतोय. पहाटेचे दिसतात.”

दयारामनं आरशात नीट पाहिलं. पुण्याकडच्या माणसाला हे कळतं म्हणजे काय? “तुमी मूल कुटल्या?”

“माहेर रत्नागिरीचं. काय काय आहे?”

“बोंबील हायत, कोलंबी हाय, आन खाली जिताडा.”

“जिताडा! कुणाचं लग्न आहे?”

“लगीन नाय. घरीच.”

“घरी कोण करतं?”

“घरातली.”

“घरातली म्हणजे? तिला नाव नाही का?”

वर्गात उभं केल्यासारखं दयारामला वाटलं. “हाय की. रंभा,” तो म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं, की परक्या माणसासमोर हे नाव आपण रेशन कार्डाच्या फॉर्मनंतर आजच घेतलं.

“कशी करते रंभा जिताडा?”

आता हा प्रश्न असा होता, की त्याला ‘तुमीच बगा’ म्हणून सुटता येईना. दयाराम आधी अडखळत बोलायला लागला आणि मग गिअरमध्ये पडला. ती जिताडा धुते तोच कसा, तिसऱ्या पाण्यानंतर चव जाते म्हणून पुन्हा धुऊ देत नाही. मसाला किती आणि चिंच किती हे मोजत नाही, कालवणाच्या आवाजावरून कळतं म्हणते. एकदा एका बड्या माणसाची पार्टी दारात आलेली, आणि बर्फातली मासळी मी शिजवणार नाही म्हणून हिनं त्यांना डाळभात वाढला. तिच्या हातचे ताजे बोंबील तोंडात ठेवले की दातांना काम नसतं. “बाई, मी वीस वरसं होडीवर होतो. मासली मला कुनी शिकवू नये. आमची आयस लय भारी करायची, सगला मोरा बोलायचा. पन खरं सांगू? रंभाच्या हाताला जी चव हाय, ती आयसच्या हातालापन नव्हती.”

इतकं बोलून तो स्वतःच दचकला. आईविरुद्धची ही साक्ष त्यानं मनातसुद्धा कधी दिली नव्हती.

“हे तिला सांगितलंत कधी?” बाईंनी विचारलं.

“त्यात सांगायाचं काय? ताट मोकलं होतं की.”

“ताट मांजरसुद्धा मोकळं करतं,” बाई म्हणाल्या.

रिक्षा आकुर्लीच्या पुढे आली. ओघात खानावळीचं निघालं, आणि आज ती बंद व्हायची आहे हेही निघालं. “मग आम्हाला तिथेच न्या,” पद्मजाबाई लगेच म्हणाल्या.

“नाय जमनार.”

“का?”

दयारामनं शपथेची सगळी कथा सांगितली, जराशी छाती पुढे काढूनच. सहा वर्षांत एका हॉटेलचा चहासुद्धा घेतला नाही, तर स्वतःच्या घरी कसा नेऊ, स्टँडवर तोंड कसं दाखवू, वगैरे. त्याला वाटलं बाई वा म्हणतील. इतकी वर्षं कुणीतरी वा म्हणेल, याची तो वाटच पाहत होता.

बाईंनी उडणारा पदर नीट केला. मग म्हणाल्या, “म्हणजे शपथ तुमची, आणि शिक्षा तिला?”

दयारामला एकदम दारात उभी असलेली रंभा दिसली. चार वर्षं ती दिसत होती. तिच्या डोळ्यांसमोर आपली रिक्षा गेटात वळत होती, आणि आपण त्याला इमान म्हणत होतो. आपण कमिशनला भीत नव्हतो, स्टँडवरच्या हसण्याला भीत होतो, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि आपलीच लाज वाटली.

डावीकडे गारव्याचं गेट आलं. वॉचमननं रोजच्या सवयीनं हात केला. दयारामनं हँडल सरळ ठेवलं आणि रिक्षा पुढे काढली. मागून हितेशचा हॉर्न, आणि त्यावर हितेशचा आवाज, “ओ हरिश्चंद्र! गेट मागं राह्यलं! कुटं चाललास?”

दयाराम थांबला तो आपल्या दारात.

पडवीत खुर्च्या टेबलांवर उलट्या घालून ठेवल्या होत्या. चूल थंड होती. रंभा सणाची निळी साडी नेसून, केसात अबोलीचा गजरा माळून पायरीवर बसली होती, स्वानंदची वाट बघत. रिक्षा पाहून ती उठली नाही.

“वाट चुकलात काय?” ती म्हणाली. “गारवा मागं राह्यला. पावन्यांना तिकडं सोडा, रोज सोडता तसं.”

तेवढ्यात हितेशची रिक्षा येऊन थडकली. अवधूत उतरला, उलट्या खुर्च्यांकडे बघत म्हणाला, “आई, हे काय? इथे तर बोर्डसुद्धा नाही.” आभानं नाकाला रुमाल लावलेला. हितेश रिक्षाला टेकून उभा राहिला, तोंडावर हसू. सहा वर्षांनी हरिश्चंद्र सापडला होता.

दयाराम होडीवर वादळ पाहिलेला माणूस, पण बायकोबद्दल असं चौघांसमोर बोलायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“साहेब,” तो अवधूतला म्हणाला, पण आवाज सगळ्यांना जाईल असा, “ही माझी बायको. रंभा. मोऱ्यापास्नं पनवेलपर्यंत हिच्यासारखं कालवन करनारी मी बगितली नाय. या रस्त्याला हाटेलं लय हायत, चांगली असतील. पन मी तुमाला इथं आनलंय. तुमाला न विचारता आनलंय, आन माझ्या फायद्यासाठी आनलंय. हे घर माझं हाय.” मग तो हितेशकडे वळला. “शपथ मोडली मी. स्टँडवर सांग सगल्यांना. एकवीरेला काय सांगायाचं ते मी सांगीन, जाईन कार्ल्याला.”

हितेशचं हसू कुठल्या कुठे गेलं. रंभा पायरीवरून उठली. ती नवऱ्याकडे बघत राहिली. लग्न होऊन तीस वर्षं झाली होती. तिचं नाव त्यानं असं उंच आवाजात आजच घेतलं होतं.

मग तिनं चेहऱ्यावरून पदर फिरवला आणि म्हणाली, “बोलून चूल पेटत नाय. मासली कुटंय? मी तर नको बोललेले.”

दयारामनं पाटी आणून तिच्या पायाशी ठेवली. रंभानं फडकं उचललं. बोंबील बाजूला सारले, कोलंबी बाजूला सारली, आणि जिताडा दिसला तशी तिच्या ओठांची एक कड हलली. तिनं पदर कमरेला खोचला. सणाची साडी वगैरे तिच्या लक्षातही राहिलं नाही.

“खुर्च्या खाली घे रं हितेश,” ती म्हणाली. “नुसता उभा राहून काय बगतोस? पाऊन तास लागंल. पावन्यांनो, हात धुवा, नदी बगा.”

पाऊण तासाचा तास झाला, पण कुणी कुरकुरलं नाही. कारण चुलीवरून वास सुटला आणि आभानं नाकाचा रुमाल आपण होऊन काढला. अवधूतनं गारव्याला फोन करून टेबल नको म्हणून सांगितलं. पहिल्यांदा कुरकुरीत बोंबील आले, मग कोलंबी, मग तांदळाच्या भाकऱ्या आणि जिताड्याचं लालभडक कालवण. पद्मजाबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. “अवधूत,” त्या म्हणाल्या, “ते तुझे स्टार मोज आता.” अवधूतचं तोंड भरलेलं होतं.

स्वानंद आला तो या वेळी. हातात फाईल, अंगात इस्त्रीचा शर्ट. खाली घेतलेल्या खुर्च्या आणि पेटलेली चूल बघून काय ते समजला, तरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, “मग रंभाताई, काय ठरलं?”

रंभा भाकरी उलटत होती. “साहेब, तुमी भला मानूस हायत, मला राग नाय तुमचा. पन तुमी बोललात, चव माझी आन नाव तुमचं. आज माझं नाव कुनीतरी मोठ्यानं घेतलंय. आता ते सोडवत नाय.”

स्वानंद उभा राहिला, टेबलांकडे पाहिलं, कालवणाकडे पाहिलं. मग फाईल खुर्चीवर ठेवली. “बरं. मग निदान एक थाळी तरी मिळेल?”

पाहुण्यांचं होत आलं तसा दयाराम रोजच्या सवयीनं मागच्या दाराकडे निघाला, पाटावर बसायला.

“तिकडं कुटं?” रंभानं अडवलं. “पाशिंजर आनलात ना? डायवर बाकड्यावर बसतो.”

पडवीच्या तोंडाशी, सगळ्यांना दिसेल असं एक बाकडं होतं. हितेश आधीच त्यावर थाळी घेऊन बसला होता. दयाराम त्याच्या शेजारी अवघडून टेकला. आतून रंभा आली, दोन्ही हातांत ताट धरून, आणि ते तिनं त्याच्यासमोर ठेवलं. ताटात जिताड्याचं डोकं होतं. मासे खाणाऱ्या माणसाला सांगायला नको, सगळ्या माशाची चव त्यात असते, आणि ते ज्याच्या ताटात पडतं तो त्या पंगतीचा मानकरी.

“हे काय?” दयारामनं विचारलं.

“कमिशन,” रंभा म्हणाली.

पद्मजाबाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला. हितेशचा घास हातातच राहिला. सहा वर्षं ज्यानं कुठल्या हॉटेलचा घोटभर चहा घेतला नव्हता, त्या हरिश्चंद्राकडे सगळे बघत होते, आणि त्याला ते कळत होतं. त्यानं ताट पुढे ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि खाल्ला. एकेक हाड चोखून, सावकाश, चारचौघांत, जराही मान खाली न घालता त्यानं आपलं कमिशन खाल्लं.

ताट मोकळं झालं. रंभा ते उचलायला वाकली.

“चांगलं झालंय,” दयाराम म्हणाला.

तिनं ते ऐकलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. तरी रंभा ताट हातात धरून तशीच थांबली आणि म्हणाली, “काय? ऐकू नाय आलं.”

दयारामनं पुन्हा सांगितलं. या वेळी उभं राहून.